सिस्टिमचा कप्पा

९ जून
नवा लिनक्स फोन आला. कंपन्यांची गुलामी संपली. आता फोनचा मालक मी. सिद्धेश्वरीनं विचारलं, यावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं का. म्हणालो, मालकाला एसएमएस पुरतो. ती स्वयंपाकघरात निघून गेली. बायकोला पटलं असावं.

१४ जून
अपडेट घ्यायला गेलो तर म्हणे, जागा नाही. फोटोंसाठी ढीगभर जागा रिकामी. पण सिस्टिमचा कप्पा वेगळा, चिमुकला, आणि तोच भरलाय. फोटो उडवून उपयोग नाही, हे फोटो उडवल्यावर कळलं. जुन्या फोनातून आणलेले, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेतले होते.

१५ जून, दुपारी
दुकानात गिऱ्हाईक नाही. बरंच झालं. फोनमधले जुने लॉग काढले, कॅश म्हणजे साठलेल्या तात्पुरत्या फायली काढल्या, अपडेट घेतला. कप्पा पुन्हा भरला. मान अवघडली. उद्यापासून शिस्त.

१८ जून
मूळ सापडलं! फॉन्ट! जगभरच्या लिप्या आत ठाण मांडून बसल्यात. चिनी, अरबी सगळ्या काढल्या. मग कन्नड आणि देवनागरीही. कमांड टाइप करायचं टर्मिनल इंग्रजीच आहे की. लई जागा झाली. लगेच मोठा अपडेट घेतला.

१९ जून
मैंदर्गीहून मेव्हण्याचा, महेश्वरचा मेसेज. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. पेरणी उरकली असणार. इंग्रजीत कळवलं : व्हेरी गुड, कीप इट अप. पुन्हा चौकोन आले. लोक फार पाल्हाळ लावतात. उत्तर दिलं नाही.

२० जून
मेसेज असा होता : "आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. अक्काचा फोन लागंना, तिला सांगा." रात्री त्याचा फोन सिद्धेश्वरीला लागला तेव्हा कळलं. मी म्हणालो, तांत्रिक अडचण. तिनं बॅग भरली आणि एकटीच स्टँडवर गेली. चूक तशी माझी म्हणता येणार नाही. फोन करायचा ना सरळ.

२३ जून
सासूबाईंना सोलापुरात आणलं, ऑपरेशन झालं. खानावळीतून डबा घेऊन दवाखान्यात गेलो. महेश्वर हळूच म्हणाला, "दाजी, तुमी कीप इट अप म्हणालात, ते आईला सांगितलं न्हाय." समजावायला तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी डोळे उघडले. मला बघून कन्नडमध्ये विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का. म्हणालो, झालं.
झालं नव्हतं.
सिद्धेश्वरीनं मान वर न करता डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली. खाल्ली.