बिजलीच्या लेंड्या

३ ऑगस्ट
बिजलीला पुन्हा हगवण. तिचा जुळा भाऊ परवा गेला, आता ही एवढंसं तोंड करून बसलीय. आईनं लग्नात दिलेल्या शेळीच्या वेलातली ही एकच मादी उरली. आईही नाही आता. हिला काही झालं तर…
सासूबाईंचं, म्हणजे अक्कांचं, एकच पालुपद: "नजर लागनी." नजरेनं हगवण लागत असती तर मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच खपले असते. (मनात म्हटलं.)

४ ऑगस्ट
गोठा धुतला. सकाळ-संध्याकाळ धुते. गावात इतका चकचकीत गोठा कुणाचा नाही. अक्का शेळ्यांचा दाण्याचा भरडा मात्र त्याच ओल्या भुईवर टाकतात. परात ठेवली तर म्हणे, "भांडामां कुत्रं खास, बकरी भुईवर खास." घ्या! म्हणजे परातीत खातं ते कुत्रं!

५ ऑगस्ट
गुरांच्या डॉक्टरांनी लेंडीचा नमुना मागवलाय. ह्यांना दुसरं काही मिळालं नाही, पेढ्याच्या रिकाम्या डबीत भरला. आंघोळ करून येते तर डबी देवापुढे, वर झेंडूचं फूल! आमच्याकडे गोड आलं की आधी देवाला, मग तोंडात. अक्का झाकणाला हात घालत, "पेढा कोन लयना?" मी ओरडले, "उघडू नका!" उघडलीच.
पुढचं लिहीत नाही. देवांना दुसरी आंघोळ. हे अंगणात जाऊन हसत होते, मेले.

६ ऑगस्ट
देवपूरला डॉक्टरांकडे. कॉक्सिडिया म्हणाले. आतड्यातले बारीक जंतू. त्यांची अंडी लेंडीतून भुईवर पडतात, ओलीत पिकतात, चाऱ्याबरोबर पिल्लाच्या पोटात जातात, आतडं पोखरतात, वाढतात, की परत लेंडीतून भुईवर. मोठ्या शेळीला फारसं काही होत नाही, ती नुसती सोडत राहते. मला घरातलं एक माणूस आठवलं.
"गोठा ओला असतो का?" मी ऐटीत, "रोज दोनदा धुते." त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, मग त्या अंड्यांचं बाळंतपण तुम्हीच करताय."
असा राग आला! बसमध्ये हे हळूच म्हणाले, "आणि आईचा भुईवरचा भरडा?" तेव्हा जरा बरं वाटलं.

८ ऑगस्ट
औषध चालू. गोठा धुणं बंद, नुसतं झाडून चुना. हात शिवशिवतात. भरडा आता उंच टांगलेल्या टोपलीत. अक्का फणफणल्या, "बठ्ठं मन्हावरच!" म्हटलं, अर्धं माझ्यावर. तोंड फिरवलं. हसल्या बहुतेक.

११ ऑगस्ट
बिजलीनं मान टाकली. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं. रडू आवरेना. अक्का शेजारी येऊन बसल्या, तिच्या पोटावरून हात फिरवत. "तुन्ही मायनी बकरीबी अशीच चिवट व्हती. मन्ही साडी खाईसनबी मरनी नही."

१५ ऑगस्ट
उठली! ह्यांचा पंचा चावला. आणि लेंड्या… गोल, काळ्या, सुट्या! ह्यांना हाक मारून दाखवल्या. डॉक्टर म्हणतात, नाचू नका, अंडी अजून असतील. पुन्हा नमुना आणा.

१६ ऑगस्ट
घरात पुन्हा पेढ्याचीच डबी. ह्या वेळी झाकणावर ठसठशीत लिहिलं: लेंड्या. निघताना बघते तर जागेवर नाही. देवापुढे होती, फूल वाहिलेलं, दिवा लावलेला.
"अक्का, अहो, पेढे नाहीत ते!"
"माले ठाऊक शे त्यामां काय शे. ऱ्हाऊ दे थोडा येळ."
पहिली बस सोडून दिली.