जास्तीचं काळीज

२० जुलै, सकाळ
आजपासून रोजनिशी. नात इरावतीनं फोनमध्ये सोय करून दिली. लाल गोळा दाबायचा, बोलायचं, फोन लिहून घेतो. तारीखही तोच घालतो. मला अक्षरओळख नाही, म्हणजे लिहिलेलं मलाही वाचता येणार नाही. इराला मराठी कळतं, वाचता येत नाही. यापेक्षा गुप्त रोजनिशी पोपकडेसुद्धा नसेल.

विषय एकच. मी पोलंडला चालले. आमच्या इथल्या, म्हणजे बहरीनच्या चर्चचा ग्रूप बावीस ऑगस्टला निघतोय. वॉर्सा, क्राकोव्ह, तिथल्याच जुन्या पोपसाहेबांचं जन्मगाव, आणि सव्वीसला, ऐन तिच्या सणाला, चेंस्टोहोवाची काळी माता, आपली मेरीमाताच. गुडघे दोन्ही गेलेत, त्यांच्यासाठी नवस बोलायचा. बाकी तब्येत उत्तम.

मुलगा सायमन चटकन हो म्हणाला. एरवी मला मॉलमध्ये न्यायचं तर तीनदा घड्याळ बघतो. पोलंडला मात्र मान वर न करता हो. आईची किंमत कळायला पन्नाशी यावी लागते.

सून निवेदिता रडली. आनंदानं.

२३ जुलै
चर्चच्या हॉलमध्ये टूरची मीटिंग. ग्रूप-लीडर मॅथ्यूसाहेब, केरळचे, हिंदीत सगळं समजावतात. भिंतीवर फोटो दाखवले. काळ्या मातेच्या चित्रात गालावर दोन वार आहेत, कुणी लुटारूनं तलवारीनं केलेले. चित्रकारांनी किती वेळा रंग लावून बुजवले, तरी परत वर येतात, असं लोक सांगतात म्हणे. मला एसी जास्त वाटला.

तिथली रीत अशी, की वेदीभोवती गुडघ्यांवर चालत फेरी घालायची. मिठाची एक खाण आहे, तिच्यात चर्च, खाली उतरायला पायऱ्याच पायऱ्या.

निश्चय: रोज जिना चढ-उतर. रोज डायनिंग टेबलाभोवती गुडघ्यांवर एक फेरी.

जिन्याला आजच सुरुवात केली. सायमन माझ्या पुढे होता. मध्येच कठडा धरून थांबला. का थांबलास विचारलं तर म्हणाला, फोन बघतोय. हातात फोन नव्हता. खिशात असेल. त्याचे पप्पाही वसईला विहिरीच्या पायऱ्यांवर असेच थांबायचे. सवयी रक्तातून येतात.

२४ जुलै
जिना नाही. काल झाला.

२७ जुलै
नवसाचं सामान. माउंट मेरीला पाय दुखला तर मेणाचा पाय वाहतात, घर हवं असेल तर मेणाचं घर. पोलंडच्या मातेला आपलं बांद्र्याचं मेण चालेल. आई एकच आहे, पत्ता वेगळा. सायमनच्या ऑफिसातला वरुण, पुण्याचा मुलगा, रजेवर गेलाय, परतताना मुंबईहून येणार. त्याला मागेच फोनवर सांगून ठेवलंय: पाय माझ्यासाठी, विमान प्रवासासाठी, पुस्तक इराच्या परीक्षेसाठी. तीन वस्तू.

शेजारच्या हलिमाला विचारलं, तुझ्या अलीमियाँचा मोतीबिंदू आहे, डोळा मागवू का? ती म्हणाली, मरियमबीला आम्हीही मानतो, पण मेणाबिणाचं नको गे बाई. तोंडानं सांग. तिला ऐकू येतं.
रत्नागिरीची माणसं. खर्च वाचवायला किती गोड कारण.

३ ऑगस्ट
वरुण आला. एअरपोर्टवर कस्टमवाल्यानं बॅग उघडायला लावली म्हणे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाय निघाला. साहेबानं एकदा पायाकडे बघितलं, एकदा वरुणकडे. वरुणनं गॉड, मम्मा, कॅन्डल असे तीन शब्द सांगितले. साहेब मागे सरकला आणि म्हणाला, खलास, यल्ला, जा.

सामान मोजलं. पाय, विमान, पुस्तक. आणि एक काळीज.

मी म्हटलं, हे कुणाचं? वरुण म्हणाला, आजी, तुम्हीच सांगितलंत. मी नाही सांगितलं. तो शपथ घ्यायला लागला. पुण्याचा मुलगा, त्याला मेणातलं काय कळतं? स्टॉलवालीनं चुकून टाकलं असणार. किंवा फुकट.

५ ऑगस्ट
काळजाला मालक शोधतेय. डायनिंग टेबलावर बशीत मांडून ठेवलं आणि सगळ्यांना विचारलं.
वरुणला म्हटलं, तू घे, लग्न जमेल. तो म्हणाला, आजी, आधी पोरगी मागवायची होती.
हलिमा म्हणाली, माझं निकाहच्या दिवशी अलीमियाँना दिलं, अजून परत मिळालं नाही, दुसरं घेऊन काय करू?
खूप हसलो.
मग सायमन सलमाबादहून, त्याच्या वर्कशॉपमधून आला. बशीकडे बघितलं. ताट मागे सारलं आणि उठून गेला. मी इंद्याल केलं होतं, डुकराचं, त्याच्या आवडीचं. शिवला नाही. डाएट चालू असेल. हल्ली सगळे करतात.
निवेदितानं काळीज उचलून फ्रीझरमध्ये टाकलं, सुरमईच्या मागे. मग तिथंच नाक ओढत उभी राहिली. थंडीनं.

१० ऑगस्ट
गुडघ्यांची प्रॅक्टिस. पहिली फेरी. अर्धी झाली. टेबलाच्या चौथ्या पायाशी अडकले, पुढेही जाता येईना, मागेही. हलिमा ओढत होती, निवेदिता ढकलत होती, इरा फोनवर व्हिडिओ काढत होती.

माझा आवाज ऐकून सायमन धावत आला. मला धरलं आणि धरल्या धरल्या स्वतःच खाली बसला. चेहरा राखेसारखा, शर्ट भिजलेला. एसी अठरावर होता. मी सगळ्यांना सांगितलं, यंदा दमट जास्त आहे. दोघं जमिनीवर बसून राहिलो, मी टेबलाखाली, तो बाहेर. पूर्वी दर शुक्रवारी झल्लाकच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहायचा. बोयापर्यंत जाऊन यायचा. यंदा एकदाही गेला नाही. पाणी गरम असतं.

निश्चय: एसी सर्व्हिसिंगला माणूस बोलवायचा.

१५ ऑगस्ट
मेरीमातेचा सण, त्यात शुक्रवार, इथली सुट्टी. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मिस्सानंतर फादरनी माझ्या पिशवीवर पवित्र पाणी शिंपडलं. पाय, विमान, पुस्तक आणि ते जास्तीचं. त्याच्यावर जरा अधिकच पडलं. मी पिशवी थोडी तिरकी धरली होती.

पिशवी डिकीत ठेवली. पार्किंगमध्ये सायमन गाडीच्या दाराशी उभा राहिला आणि उभाच राहिला. मग फुटपाथवर बसला. वरुणला फोन गेला, तो आला, गाडी त्यानं चालवली, घरी नाही, हॉस्पिटलला. निवेदिता म्हणाली, गॅस आहे. मीही म्हटलं, गॅसच. आम्हा दोघींचं इतकं एकमत लग्नापासून झालं नव्हतं.

गाडी दिवसभर उन्हात. पिशवी डिकीत.

१६ ऑगस्ट
डिकी उघडली. ऑगस्टचं ऊन, बंद गाडी. सगळ्याचा एक गोळा झालाय. पायातून विमानाचा पंख बाहेर आलाय. पुस्तक कशातच नाही. वर एक अंगठा तेवढा शाबूत. माझा.

काळीज दिसतच नाही. मी पिशवी उलटी करून बघितली.

बरंच झालं. ते आपलं नव्हतंच.

निवेदिता डिकी धरून बराच वेळ उभी होती. मग गोळा आत नेऊन फ्रीझरमध्ये ठेवला.

१९ ऑगस्ट
सायमन हॉस्पिटलमध्येच. तपासण्या. माझ्यासमोर सगळे इंग्रजीत बोलतात. पण बायपास हा शब्द मला येतो, मनामाच्या रस्त्यावर पाटी आहे, इरा वाचून दाखवते.

शेवटी हलिमानं सांगितलं, तिला निवेदितानं. ऑपरेशन आताचं नाही, जुलैमध्येच ठरलंय. तारीख सव्वीस. सायमननंच मागून घेतली. निवेदिताला म्हणाला होता, आई पोलंडला गेली की उरकून टाकू, परत येईपर्यंत मी सोफ्यावर बसलेला असेन.

म्हणजे तो चटकन हो!
हुशार. माझ्यावर गेलाय.

विचार केला. त्याला मी पोलंडला जायला हवी आहे, तर जायलाच हवं. नाही गेले तर त्याला काळजी लागेल, आणि काळजी काळजाला वाईट. प्लॅन पक्का. हे इराला सांगितलं. ती म्हणाली, आर यू सीरियस? तो शब्दही मला येतो. डॉक्टर पेशंटबद्दल वापरतात.

२२ ऑगस्ट
बॅग भरलेली. दोन स्वेटर, कानटोपी, वसईचं लोणचं. पासपोर्ट कमरेला. बूट घालून पलंगावर बसले. बाहेर वरुण हॉर्न देत होता.

हॉर्न थांबला. मी बसलेलीच.

निवेदिताला म्हटलं, मॅथ्यूसाहेबांना कळव, गुडघे फार दुखतात, येत नाही. गुडघ्यांमुळे. दुसरं काही कारण नाही. तसंच लिही, फोन.

सायमनला मात्र सांगितलंय, आई विमानात बसली. तो हसला म्हणे. अंगावरची चादर सारखी केली, आणि झोपला. बऱ्याच दिवसांनी नीट झोपला.

आता मी पोलंडला आहे. त्यामुळे त्याच्या वॉर्डात जाता येत नाही. खाली लॉबीत बसते, खांबाआड.

२४ ऑगस्ट
मॅथ्यूसाहेबांनी ग्रूपवर मिठाच्या खाणीतला व्हिडिओ टाकला. भिंत मिठाची, झुंबर मिठाचं, जमीनही मिठाचीच. माणसं खाली खाली उतरताना दिसतात. शेवट दिसत नाही. मी पुढचा बघितला नाही.

निवेदिता वर सायमनला सांगून आली, आई खाणीत उतरली, गुडघे अगदी छान चालतायत. सून चांगली आहे. खोटं बोलताना डोळ्याला डोळा देते.

२६ ऑगस्ट
सकाळीच आत नेलं. दाराच्या गोल काचेतून मी लांबून बघितलं, कानटोपी घालून, ओळखू नये म्हणून. स्ट्रेचरवर पाय बाहेर आले होते. बापासारखे लांब.

दार लागलं.

फोन, आता नीट लिही. वरुण खरं बोलत होता. चार वस्तू मीच सांगितल्या. काळीज पहिलं सांगितलं, पाय नंतर. जिन्यावर थांबायला लागला तेव्हाच सांगून ठेवलं. विहिरीच्या पायऱ्या मी पाहिल्यात. तिथं थांबणारा माणूस मग एक दिवस वर आला नाही.

आता मेण नाही. मेणाचा गोळा फ्रीझरमध्ये, आणि त्यात ते कुठं आहे ते देवालाच ठाऊक.

हलिमा शेजारी तसबीह, त्यांची जपमाळ, ओढत होती. म्हणाली, तोंडानं सांग.

तोंडानं येईना. मग खाली उतरले. वेटिंग रूममध्ये मधोमध खुर्च्यांची एक रांग आहे, एकमेकींना जोडलेली. तिच्याभोवती निघाले, गुडघ्यांवर. लादी बर्फासारखी. कोपऱ्यावर सिक्युरिटीवाला धावत आला, हिंदीत विचारायला लागला, माँजी, काय पडलं? आणि तोही खाली वाकून खुर्च्यांखाली शोधायला लागला. हलिमा त्याला म्हणाली, शोधू दे तिला. तो बिचारा सबंध फेरीभर माझ्याबरोबर शोधत आला.

फेरी पुरी झाली. उठता येईना. दोन नर्सनी उचललं.

संध्याकाळ झाली. दार बंदच आहे.

२८ ऑगस्ट
ऑपरेशन झालं. अजून दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मशीन टिक टिक करतं. ते करतंय तोवर ठीक.

आज मला आत सोडलं. ग्रूप अजून परतलेला नाही हे मी विसरले. सायमननं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, परत माझ्याकडे. आवाज नाही, नुसते ओठ. पोलंड?

म्हटलं, आले जाऊन.

कसं होतं, त्यानं विचारलं.

म्हटलं, थंड.

तो हसला. हसल्यावर दुखलं, नर्स मला ओरडली. मग त्यानं बोट हलवून माझ्या पायांकडे दाखवलं. दोन्ही गुडघ्यांना बँडेज, निळे-काळे झालेत, खुर्ची धरल्याशिवाय उभं राहता येत नाही.

तेव्हा आठवलं. सबंध फेरीत गुडघ्यांचं सांगायचंच राहून गेलं.