चंद्रीची लाल ओळ

उंब्रज, सोमवार, १२ जुलै ९९. सांजचं.

आज दूध डेअरीत कॉम्प्युटरवर बसणारी सुवर्णा म्हणाली, "काकी, तुमची म्हस लाल झाली."

"माझी चंद्री काळी हाय. लाल कशानं होईल?" मी म्हटलं. सगळी हसली.

तिनं पडदा दावला. गाभण जनावरांची नावं त्यात घातल्यात. व्यायची तारीख उलटली की ती ओळ आपोआप लाल होती. चंद्रीची एकटीचीच लाल.

"तुझ्या डब्याला म्हशीचं काय कळतंय? गणपतीत रेडा दावला, दहा महिनं धर. आषाढात बेंदराच्या सणाला व्याणार ती," असं फटकारून आले.

आता चुलीपुढं परत बोटांवर महिनं मोजलं आणि भाकरी करपली. यंदा धोंड्याचा जादा महिना आला व्हता. त्यात शुभकार्य करत न्हाईत, म्हणून मी तो मोजलाच न्हाई. पण पोटातलं रेडकू महिनाभर थांबतंय व्हय? लाल ओळच खरी. दिवस वर गेलेत.

मालक म्हणाले, "डॉक्टरकडं सकाळी जातो." म्हटलं, "आत्ता जावा." गेले.

चंद्री निवांत रवंथ करतीया. पोटाला हात लावला, काय हललं न्हाई. काल हललं व्हतं का? आठवत न्हाई. ती लाल ओळ डोळ्यापुढनं जाईना.

परत जाऊन हात लावला. बारीकसं हललं. का मलाच भास झाला?

रस्त्याला फटफटी वाजली, डॉक्टर आला वाटलं, पण ती पुढं गेली. परत बघून येते.