पाचही मासे खडकामागे आहेत

३ जुलै २००७, मंगळवार

निर्णय झाला. घरी समुद्राच्या पाण्याचा टँक ठेवायचा. गप्पी आणि गोल्डफिश नव्हेत. खडक, पोवळ्याच्या जातीचे प्राणी, खाऱ्या पाण्यातले मासे. पूर्ण रीफ.

कारण लिहून ठेवते, म्हणजे नंतर गोंधळ नको. हरिणीच्या सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर ऑफिसात, खालच्या लॉबीत, असा टँक आहे. मागे जेवताना ती म्हणाली होती, अम्मा, त्याच्यासमोर उभं राहिलं ना, की तिथून हलावंसंच वाटत नाही. जूनपासून ती तोरैपाक्कमला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. ट्रॅफिकमुळे. वेस्ट मांबलमहून रोज जाणं-येणं जमत नाही म्हणाली.

तिच्या खोलीत टँक ठेवला की ती परत येईल. साधा उपाय आहे.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "कसाला?" मी पुण्याहून लग्न होऊन इथे चेन्नईला आले त्याला सदतीस वर्षं झाली. ह्यांच्या तंजावरी मराठीत 'कशाला' अजून 'कसाला'च आहे.

७ जुलै, शनिवार

कोळत्तूरला, शोभेच्या माशांच्या बाजारात, जाऊन आले. दुकानदार गुरुमूर्ती. बोलणं फार. "मॅडम, फर्स्ट टाइमा?" असं विचारलं. मी सांगितलं, बी.एस्सी. झूऑलॉजी, फर्स्ट क्लास, पुढे तीस वर्षं शाळेत बायॉलॉजी. मग तो गप्प बसला. प्रभाव पडला असावा.

टँक, पंप, दिवा, मीठ आणि 'लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातला जिवंत खडक. एकेक खडक हातात घेऊन मी स्वतः तपासला. एकाला अंगठा जाईल एवढं भोक आहे. माशांना लपायला उत्तम.

पाच आठवडे मासे घालायचे नाहीत, नुसतं पाणी आणि खडक. पाणी तयार व्हावं लागतं. शिस्तीचा छंद आहे. मला जमेल.

ह्यांनी विचारलं, "पाणी बघायला येणार का हरिणी?"

२६ जुलै, गुरुवार

आषाढी एकादशी. चातुर्मास सुरू. आपल्याकडे मठाच्या नियमानं पहिला महिना भाजी वर्ज्य, दुसरा दही, तिसरा दूध, चौथा डाळी. सासूबाई होत्या तोवर हे सगळं त्या बघत. त्यांच्यानंतर मी बघते, आणि त्यांच्यापेक्षा नीट बघते असं मठातले आचार्यसुद्धा म्हणाले आहेत.

टँकमधलं पाणी उडतं. ते भरायला शुद्ध गोडं पाणी लागतं. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे कॅन आता टँकला, आणि आम्ही नळाचं उकळून पितो. ह्यांनी तक्रार केली. चव बदलली म्हणाले. चवीसाठी पाणी पीत नाहीत.

हरिणीला फोन. या रविवारी रिलीज आहे म्हणाली. काय रिलीज होतं ते मी विचारत नाही.

१२ ऑगस्ट, रविवार

मासे आले. पाच. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन. निळे दोन. पिवळा एक. नावं ठेवलेली नाहीत, नंबर दिले. नावं ठेवली की शिस्त जाते.

गुरुमूर्तीनं फ्रोजन कोळंबीचं पाकीट पुढे केलं. रोज एक तुकडा द्या म्हणाला. मी सांगितलं, आमच्या फ्रिजमध्ये कोळंबी येणार नाही. पालक उकडून, बारीक करून देईन. तो म्हणाला, "मॅडम, समुद्रात पालक कोण लावतं?" दुकानदाराशी वाद घालत नाही.

या घरात असं काही एकदाच आलं होतं. मे महिन्यात हरिणीच्या डब्यात ऑम्लेट निघालं. मी रागावले नाही. आवाज चढवला नाही. डबा उचलून गॅलरीत धुणं धुवायच्या दगडाखाली ठेवला, एवढंच. अजून तिथेच आहे. त्यानंतर आठवड्याभरात तिला ट्रॅफिकचा त्रास सुरू झाला.

ह्यांनी आठवण करून दिली की चातुर्मासाचा पहिला महिना आहे, पालक घरात कसा? मी म्हटलं, मासे मठाचे शिष्य नाहीत. हे म्हणाले, "हरिणीपण नव्हती."

त्यांचं बोलणं हल्ली असंच तुटक असतं. निवृत्तीनंतर होतं.

१६ ऑगस्ट, गुरुवार

निरीक्षण. सकाळी दिवा लागला की खडकावरचा मऊ पोवळ्याचा गोळा हळूहळू उघडतो, झोपेतून उठलेल्या मुलीनं मूठ सोडावी तसा. दोन्ही नारिंगी त्यात अंग घुसळतात. ते एकमेकांना सोडून कुठे जात नाहीत. पाण्याची सावली छतावर हलत राहते. पंपाचा आवाज सोडला तर आवाज नाही. कोणी कोणाला काही विचारत नाही.

शास्त्रीय दृष्टीनंच पाहत होते. वाटलं काही नाही. दूध उतू गेलं.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

एकादशी. टँकमध्येही काही घातलं नाही. माशांना पंधरवड्यातून एकदा लंघन हितकारकच असतं, हे कुठलाही झूऑलॉजिस्ट सांगेल. परवा मी त्यांना शिष्य नाहीत म्हटलं होतं हे ह्यांनी काढलं. तो नियमाचा प्रश्न होता, हा आरोग्याचा आहे.

समोरच्या फ्लॅटमधल्या अलमेलू मामी (इथे शेजारणीलाही मामीच म्हणतात) बघायला आल्या. "अय्यो, माशांनापण एकादशी! सरोजा मामी, तुमच्या घरात पालीसुद्धा संध्या करत असतील!" हसत होत्या. कौतुकानंच म्हणाल्या.

२७ ऑगस्ट, सोमवार

चार नंबर (निळा) दिसत नाही. खडकामागे आहे. नव्या जागेत बुजतात. एकूण मासे पाच.

४ सप्टेंबर, मंगळवार

हे दुपारी हरिणीच्या खोलीत पंख्याखाली पडतात. उठून आले आणि म्हणाले, टँकमधून टक् असा आवाज येतो. कोणी नखानं काचेवर वाजवावं तसा. मी सांगितलं, स्टॅबिलायझर. म्हणाले, "स्टॅबिलायझर हॉलमध्ये आहे." मी म्हटलं, आवाज भिंतीतून जातो. फिजिक्सही होतं मला, सब्सिडिअरीला.

तीन नंबर दोन दिवस दिसला नाही. त्याला चार नंबरची सोबत असेल. एकूण पाच.

९ सप्टेंबर, रविवार

हरिणी येणार होती. तिच्यासाठी दह्याशिवायची कोशिंबीर केली, चातुर्मासाचा दुसरा महिना. सकाळी फोन आला, रूममेटला ताप आहे. घरची माणसं नसली की ताप येतो मुलींना. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "अम्मा, तिची अम्मा तिथेच आहे, चार दिवस आलीये." बरं म्हटलं.

कोशिंबीर आम्ही दोघांनी खाल्ली.

दिसणारे मासे तीन. पाळीपाळीनं बाहेर येतात असं माझ्या लक्षात आलं आहे. मासिकांत याबद्दल कुणी लिहिलेलं दिसत नाही. लिहायला हवं.

१८ सप्टेंबर, मंगळवार

ह्यांनी मला न विचारता गुरुमूर्तीला फोन केला. तो म्हणाला म्हणे, "सार, खडकातून काहीतरी आलं असेल. रात्री टॉर्च लावून बघा." मी रात्री टॉर्च लावून माशांची झोपमोड करणार नाही. आणि तो खडक मी स्वतः तपासलेला आहे. दुकानदारानं आपला माल खराब निघाला हे आपणहून सांगावं, याचंच आश्चर्य वाटलं.

ह्यांनी विचारलं, मासे किती उरले? 'उरले' हा शब्द मला आवडला नाही. पाच आहेत, त्यातले दोन समोर आहेत.

३० सप्टेंबर, रविवार

एक नंबर समोर. पोवळ्याच्या गोळ्यात एकटाच अंग घुसळत होता. दोन नंबर खडकामागे. दोघं एकमेकांना सोडून कुठे जात नाहीत असं मी पूर्वी लिहिलं आहे. ते साधारणपणे खरं आहे.

टक्. आज मलाही ऐकू आलं. इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवं.

७ ऑक्टोबर, रविवार

कालच्या एकादशीनंतर सकाळीच पालक घातला. कुणी घाईनं आलं नाही. संयम अंगवळणी पडतो आहे. दुपारी पालक खाली तसाच. काढून टाकला.

इलेक्ट्रिशियन आला. स्टॅबिलायझर ठीक आहे म्हणतो. दुसरा इलेक्ट्रिशियन बघते.

१५ ऑक्टोबर, सोमवार

नवरात्राचा कोलू मांडला आहे. सात पायऱ्या, सासूबाईंच्या सगळ्या बाहुल्या. हळदी-कुंकवाला आलेल्या प्रत्येकीला हरभऱ्याचं सुंडल देऊन हरिणीच्या खोलीत टँक दाखवला. अलमेलू मामी काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मामी, दिवा फार सुंदर आहे."

पाचही मासे खडकामागे आहेत असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरि, सरि." मग त्यांनी माझा हात धरला. कशासाठी ते कळलं नाही. कुंकू लावायचं होतं, म्हणून सोडवून घेतला.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

हरिणीचा फोन. दसऱ्याला येते म्हणाली. नक्की. आपणहून.

काचा पुसल्या. पाणी बदललं. तिच्या पलंगावर नवी चादर घातली, तिथून टँक सरळ समोर दिसतो. रात्री राहील. सोमवारी इथूनच ऑफिसला जाईल. मग मंगळवारीही.

योजना योग्य होती. ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, "तिला माशांबद्दल आधी सांगू का?" काय सांगायचं आहे माशांबद्दल?

२१ ऑक्टोबर, रविवार. विजयादशमी. रात्री नऊ.

हरिणी अकराला आली. बरोबर सौम्या नावाची मैत्रीण, तिची गाडी. गाडीत रिकामी खोकी होती. मला वाटलं, ऑफिसची.

मी तिला टँकपुढे नेलं. ती खाली बसली आणि विचारलं, "कोण कोण आहे यात?" मी सांगितलं, नारिंगी दोन, निळे दोन, पिवळा एक. तिनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. म्हणाली, "अम्मा, आत कोणी नाहीये."

खडकामागे, मी म्हटलं.

तेवढ्यात टक् झालं. त्या अंगठ्याएवढ्या भोकातून दांडीवरचे दोन डोळे बाहेर आले. एक इकडे, एक तिकडे. मग हिरव्या-लाल रंगाचं डोकं. झिंग्यासारखं, पण झिंगा नव्हे. ते आमच्याकडे बघत होतं. बराच काळ घरात राहणाऱ्यानं पाहुण्याकडे बघावं तसं.

हरिणी ओरडलीच. "अम्मा! मँटिस श्रिंप! आमच्या लॉबीतपण निघाला होता एक. सगळे मासे खाल्ले त्यानं. सिक्युरिटीवाले त्याला रौडी म्हणतात." तो खडकाच्या आतच राहून आला असणार, लहानपणीच. ठोसा मारून काचही फोडतो म्हणाली. मी विचारलं, मग तुमच्याकडे त्याचं काय केलं? "काही नाही, वेगळा टँक दिला. वेगळा राहिला की कुणाला त्रास नाही त्याचा. आता सगळे त्यालाच बघायला थांबतात."

मग तिनं विचारलं, याला खायला काय घालतेस? मी सांगितलं, पालक. एकादशीला काही नाही.

ती हसायला लागली. हेही दारात उभे राहून हसले. सौम्यापण. हरिणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसत ती म्हणाली, "मग त्यानं दुसरं काय करायचं होतं, अम्मा?" तेव्हा ती हसत नव्हती.

ती त्याच्यासमोर तासभर बसून होती. तिथून हलली नाही. मी घड्याळ पाहिलं. माझा अंदाज त्या बाबतीत बरोबर होता.

जेवणानंतर तिनं कपाट रिकामं केलं. पुस्तकं, हिवाळी स्वेटर (चेन्नईत स्वेटर कशाला लागतो), सर्टिफिकेटं, मी दहावीला दिलेलं घड्याळ. तोरैपाक्कमचा फ्लॅट आता त्यांनी दोन वर्षांसाठी घेतला आहे. पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी म्हणायला हवं होतं. म्हटलं, ट्रॅफिक वाढायच्या आत निघा.

गाडीपर्यंत गेल्यावर ती परत जिना चढून आली. काही राहिलं असेल वाटलं. म्हणाली, "त्याला उपाशी ठेवू नकोस हं. मी येईन बघायला." मग गेली.

नवी चादर घडी करून ठेवली.

२२ ऑक्टोबर, सोमवार

एकादशी.

टँकचा दिवा सकाळी वेळेवर लावला. आज कुणालाच काही घालायचं नसल्यामुळे कोण आहे नि कोण नाही, हा प्रश्न आज नव्हता. पोवळ्याचा गोळा उघडला. भोकातून दोन डोळे बाहेर आले. मी डावीकडे गेले की एक डोळा माझ्याबरोबर डावीकडे यायचा. या टँकमधलं कुणी माझ्याकडे बघतं आहे असं आधी कधी झालं नव्हतं. खुर्ची ओढून बसले.

दुपारी गॅलरीतला डबा काढला. पावसाची माती आत गेली होती. घासला. तीनदा. उन्हात ठेवला.

हे बघत होते.

संध्याकाळी त्यांना सांगितलं, उद्या द्वादशी. पारणं झालं की हा डबा घेऊन मासळीबाजारात जा, कोळंबी आणा. फ्रिजमध्ये ठेवायची नाही. स्वयंपाकघरातून आणायची नाही. गॅलरीतून परस्पर टँकमध्ये. म्हणजे नियम मोडत नाही.

हे म्हणाले, "चौसष्ट वर्षं त्या बाजारासमोरून नाक धरून गेलो. आता डबा धरून जाऊ?"

मी म्हटलं, हो.

ह्यांनी डबा उचलून घेतला. मग विचारलं, "किती आणू? पाच जणांची?"

एकाला पुरेल एवढी, मी म्हटलं.