चारशे तीन मीटर

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी मैदानाची राखण व सध्या खोकला, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे याची खात्री डॉक्टरांनी आज सकाळी करून घेतली. त्यांनी तारीख, वार आणि शंभरातून सात वजा विचारले. मी तिन्ही सांगितले, शिवाय त्यांचा चष्मा त्यांच्याच कपाळावर आहे हेही सांगितले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायचे मनावर घेतले नव्हते.

एकतीस वर्षे मी या मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. मुले मला रेघवाले काका म्हणत आली आहेत, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या रेघांपायीच लिहावे लागत आहे.

कलम पहिले. बँकेतील ठेव आणि स्कूटर माझ्या मुलाला द्यावी. तो दूरच्या शहरात असतो, पण दर रविवारी फोन करून औषध घेतले का विचारतो, याची इथे नोंद व्हावी. घर मात्र त्याला दिलेले नाही. त्याने रागावण्याआधी कलम चौथे वाचावे.

कलम दुसरे. माझ्या धाकट्या भावाने अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेलेली शिडी आता त्याचीच समजावी. निदान माझ्या अंत्ययात्रेला तरी त्याला मान वर करून येता येईल.

कलम तिसरे. माळ्यावर खोक्यात एक जाड सुती दोर आहे. दर दहा मीटरवर गाठ मारलेला हा दोर क्रीडा मंडळाच्या माजी सचिवसाहेबांना पोचता करावा. मी पाच वर्षे त्यांच्याकडे पोलादी टेप मागत होतो. दर वर्षी ते म्हणत, "यंदा दोरावर भागवा." त्याच वर्षांत त्यांच्या खोलीत सोफा आला, गालिचा आला आणि करंडक ठेवायला काचेचे कपाट आले. दोर पाठवताना सोबत चिठ्ठी नको. त्यांना कळेल.

कलम चौथे. मैदानामागचे हे घर, दोन खोल्या, मोरी आणि पुढचा ओटा, माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मी भिंगरीला देत आहे. भिंगरी म्हणजे कोपऱ्यावर इस्त्रीचे दुकान चालवते ती. ती माझी नात्याने कोणी नाही. गेली सहा वर्षे दोन वेळचा डबा तीच आणते आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहते. पण घर डब्यासाठी देत नाही. कारण वेगळे आहे.

सत्तावीस वर्षांपूर्वी भिंगरी सोळा वर्षांची होती. आईने इस्त्री केलेले कपडे ती घरोघरी पोचवायची आणि जाता-येता पळायची. एवढे पळणारे पोर मी आयुष्यात दुसरे पाहिले नाही. त्या वर्षी आमच्या मैदानावर चारशे मीटरची निवड चाचणी झाली. अठ्ठावन्न सेकंदांच्या आत येणाऱ्या मुलीला सरकारी शिबिरात राहणे, खाणे, शिकणे सगळे फुकट मिळणार होते. भिंगरी पहिली आली. वेळ लागली अठ्ठावन्न सेकंद आणि वर तीन दशांश.

आठवड्याने दुसऱ्या शहरात पुन्हा चाचणी होती. तिथे जायचे तर प्रवेश फी, गाडीभाडे आणि दोन रात्री लॉजवर राहण्याचा खर्च होता. भिंगरीच्या मागे राहिलेल्या दोन मुलींना त्यांचे वडील तिथे घेऊन गेले आणि दोघी निवडल्या गेल्या. त्या मुलींचा काही दोष नाही, पळाल्या त्या चांगल्याच. भिंगरीची आई माझ्याकडे आली. पैसे माझ्याकडे होते, मुलाच्या सायकलीसाठी ठेवलेले. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी भिंगरीचे वय उलटून गेले होते. हे मला त्याही दिवशी ठाऊक होते, कारण नियमांचा कागद फळ्यावर मीच चिकटवला होता.

खरी गोष्ट याच्यापुढे आहे. चाचणीनंतर दीड महिन्याने मंडळाला एकदाचा पोलादी टेप मिळाला. मी हौसेने मैदान मोजायला घेतले. तीनदा मोजले. तिन्ही वेळा एक फेरी चारशे तीन मीटर भरली. दोर वर्षानुवर्षे ओढून ओढून सैल झाला होता. गाठी जागच्या जागी होत्या, पण दोन गाठींमधले दहा मीटर दहा राहिले नव्हते. भिंगरी तीन मीटर जास्त पळाली होती, तेही भावाचे जुने बूट घालून. हिशेब सातवीतल्या मुलालाही जमेल. चारशेला तिची वेळ अठ्ठावन्नच्या आत येते.

मी सुरुवातीची रेघ गुपचूप तीन मीटर पुढे घेतली आणि तोंड शिवले. नोकरी जाईल ही भीती होती. भिंगरी मैदानावर यायची बंद झाली तेव्हा मी तिला समजावले, "अगं, शेवटच्या वळणावर दम कमी पडला तुझा." हे वाक्य मी माघारी घेतो. ते खोटे होते आणि मला त्याची लाज वाटते.

कलम पाचवे. पोलादी टेप, जो मंडळाने नंतर मोडीत काढला व मी रीतसर विकत घेतला, आणि माझे स्टॉपवॉच भिंगरीला द्यावे. तसेच मी जाहीर करतो की त्या दिवशी ती निवडली गेली होती.

पुरवणी. सही करण्याआधी डॉक्टरांनी सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले. म्हणाले, "काका, मेल्यावर सांगणं सोपं आहे. ती आता ओट्यावरच बसलीय." वाटेकऱ्याला साक्षीदार होता येत नाही म्हणून तिला बाहेर बसवले होते. तिला आत बोलावले आणि कलम चौथे मी स्वतः वाचून दाखवले. दोनदा थांबावे लागले, आणि कारण खोकला नव्हता.

ती म्हणाली, "मला वाटायचं, माझंच काहीतरी कमी पडलं. सत्तावीस वर्षं वाटतंय, काका." मी माफी मागितली. तिने ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. टेप कुठे आहे एवढे विचारले आणि साक्षीला आलेल्या शिंपीदादांना दुसरे टोक धरायला घेऊन गेली.

तासाभराने दोघे परत आले. मैदानाच्या रेघा आता दुसरा माणूस मारतो. भिंगरी म्हणाली, "चारशे आहे. बरोबर आहे आता." नंतर तिने कलम चौथ्यात भर घालायला सांगितली, ती तिच्याच शब्दांत अशी: "आतल्या खोलीत चार खाटा टाकायच्या. चाचणीला बाहेरगावाहून येणाऱ्या ज्या मुलींना लॉज परवडत नाही, त्या इथे राहतील. डबा मी देईन. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी मैदान मी मोजणार, मंडळाला आवडो न आवडो."

ही भर मला मान्य आहे.

ठिकाण: मैदानामागचे घर, पुढची खोली
तारीख: अकरावा महिना, सात, दुपार

सही: रेघवाले काका

साक्षीदार पहिले: डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर शुद्धीत सही केली.

साक्षीदार दुसरे: शिंपीदादा. सही माझ्यासमोर झाली. टेपाचे दुसरे टोक मी धरले होते.