गेटिसबर्गला मावशीही आल्या होत्या

एडिसन, न्यू जर्सी
५ जुलै २००६

प्रिय निमिष,

आधी काय घडलं ते लिहिते. माझं मत नंतर.

१. रविवारी तू, मी, तुझे आईबाबा म्हणजे सुनेत्राकाकू-अरुणकाका, आणि कांचनमावशी असे आपण पाच जण पार्सिपनीच्या तुमच्या घरून गेटिसबर्गला गेलो.
२. रणांगण दाखवताना गाइडनं सांगितलं की दक्षिणेतले मालक वयस्कर गुलाम बायकांना 'आंट' म्हणायचे.
३. सुनेत्राकाकू म्हणाल्या, "अगदी आपल्यासारखंच की! आपण नाही का मावशी म्हणत?" सगळे हसले. मावशींना गाइडचं इंग्रजी कळलं नव्हतं, पण स्वतःचं नाव आल्यासारखं वाटून त्याही हसल्या.
४. जेवणानंतर मी मावशींबरोबर रेस्टरूमपर्यंत गेले.
५. परत आल्यावर मी काकूंना एक प्रश्न विचारला.
६. तू म्हणालास, "यार ऋता, आत्ता नको."

तू फ्रीमाँटला, तुझ्या घरी पोचला असशील. फोनवर तू विषय हसण्यावारी नेतोस, म्हणून हे कागदावर.

संक्रांतीच्या कार्यक्रमात आपली ओळख झाली, तेव्हा तू कागदी प्लेटमध्ये हलव्याचे दाणे मांडून मला अमेरिकन यादवी युद्धातली अँटिएटमची लढाई समजावली होतीस. पांढरा हलवा उत्तरेचा, केशरी दक्षिणेचा. लोक गेटिसबर्गला टर्निंग पॉइंट म्हणतात, म्हणालास. काही जण विक्सबर्गचं नाव घेतात, कारण ते दुसऱ्याच दिवशी पडलं आणि अख्खी मिसिसिपी नदी उत्तरेच्या हाती आली. पण तुझं मत वेगळं होतं. अँटिएटमला कोणी धड जिंकलं नाही, तरी त्यानंतरच राष्ट्राध्यक्षांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. तोवर लढाई देश एकत्र ठेवायची होती, मग ती गुलामगिरीची झाली. "आपण कशासाठी लढतोय हे ज्या दिवशी तोंडानं कबूल केलं, तो टर्निंग पॉइंट," असं म्हणून तू केशरी हलवा खाऊन टाकलास. त्या वाक्यामुळे तू मला आवडलास. हे मी तुला आधी सांगितलेलं नाही.

रविवारीही तू तसाच होतास. लढाईच्या तिसऱ्या दिवशीचा हल्ला ज्या उघड्या शेतातून झाला, तिथे अरुणकाका कॅमेरा घेऊन पुढे आणि तू मागून ओरडत होतास, "बाबा, इथून निघालेले निम्मे परत आले नाहीत!" मग गाइडनं सांगितलं की दक्षिणेच्या फौजेनं पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर गावागावातून स्वतंत्र काळी माणसं पकडली, बायकामुलांसकट, आणि त्यांना दक्षिणेत हाकत नेलं. तुझा चेहरा उतरला. "शी," म्हणालास. मला ते खरं वाटलं. अजूनही वाटतं.

त्यानंतर आपण झाडाखाली जेवलो. मावशींनी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आपल्याला वाढली, काकांना लोणचं हवं होतं म्हणून त्या परत गाडीपर्यंत गेल्या, आणि आपलं झाल्यावर स्वतःची प्लेट घेऊन मिनीव्हॅनच्या पायरीवर बसल्या. पायात काकूंचे जुने स्नीकर्स, एक नंबर मोठे.

रेस्टरूमच्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, "ताई, एकटीला इंडियाला जायचं असलं तर कुठं विचारायचं असते?" त्यांची मुलगी वर्ध्याला असते. सप्टेंबरात तिचं बाळंतपण आहे, पहिलं. पहिलं माहेरी व्हावं लागतं, आणि माहेराला कुलूप आहे, म्हणाल्या. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी घरकामाला सहा महिने म्हणून त्या आल्या होत्या. आता चौथं वर्ष चालू आहे. काकूंकडे विषय काढला की "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळतं. पासपोर्ट विमानतळावरच काकूंनी मागून घेतला. तो नंतर त्यांनी पाहिलेला नाही.

माझा काकूंना प्रश्न एवढाच होता : मावशींचा पासपोर्ट कुठे आहे? काकू जराही दचकल्या नाहीत. "अगं, बँकेच्या लॉकरमध्ये, माझ्या दागिन्यांबरोबर. तिला कुठलं सांभाळायला जमतंय! घरचीच आहे ती." काका म्हणाले, "आणि तिकडे परत जाऊन करणार काय ती?" तू तोपर्यंत तोफेवर हात ठेवून फोटोसाठी उभा होतास. ऐकलंस, आणि सहावा मुद्दा म्हणालास.

काकू दुष्ट नाहीत. दिवाळीला साडी देतात, ताप आला तर स्वतः काढा करतात. म्हणूनच मला जास्त किळस आली. दागिन्यांबरोबर ठेवलेलं माणूस, आणि त्याला नातं चिकटवलेलं, म्हणजे कोणाला वास येऊ नये. त्या जाहीरनाम्यानं फक्त बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त केले, स्वतःच्या, उत्तरेच्या बाजूच्या राज्यांतले तसेच राहिले, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. दुसऱ्याच्या घरातली माणसं सोडवणं सोपं असतं, निमिष.

एवढ्यावर मी कदाचित भेटीची वाट पाहिली असती. पण परतताना तू गाडी चालवत होतास, मावशी मागच्या सीटवर झोपल्या होत्या, आणि काकू वळून मला म्हणाल्या, "तुझी आई काय मांडायचं ते रुखवत मांडू दे, आमच्याकडून तुम्हाला मावशीच देते! घेऊन जा फ्रीमाँटला." तू आरशातून माझ्याकडे बघून म्हणालास, "सही! गरम भाकरी रोज." म्हणजे लग्नानंतर ते लॉकर माझं होणार होतं. ते मला नको आहे. मावशींचा पासपोर्ट त्यांच्या स्वतःच्या हातात द्यायला आईला तू सांगायचंस, तोंडानं, मावशींच्या देखत. आणि सप्टेंबरच्या आधीचं तिकीट काढायचं. तू सांगणार नसशील तर मी पार्सिपनीला जाऊन विचारीन, आणि मावशींची तयारी असेल तर त्यांना भारतीय कॉन्सुलेटमध्ये घेऊन जाईन. माझा नंबर त्यांच्याकडे आहे. साखरपुड्याच्या हॉलला मी अजून होकार कळवलेला नाही. 'तुझीच' लिहायची जागा खाली रिकामी ठेवली आहे. शुक्रवार, १४ जुलैपर्यंत उत्तर दे.

ऋता