जुळलेली सही

बुऱ्हाणपूर, ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पूर्णिमा हीस आबाचे अ. उ. आ.

फोनवर सांगावं तर तुझा भाऊ समाधान शेजारीच बसलेला असतो, म्हणून पत्र. त्याचा कंपवात फार वाढला. दफ्तरच्या आवक-जावक रजिस्टरात त्याचे आकडे मोडलेल्या मुंग्यांच्या रांगेसारखे दिसतात. साहेबच म्हणाले, की बीमारीची पेंशन घे आणि घरी बस. रजा संपली, दोन महिने पगार नाही. अर्ज मात्र तिसऱ्यांदा परत आला. बाबू म्हणतात, सही सर्व्हिस बुकातल्या सत्तावीस वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळत नाही. हात हलतो म्हणून अर्ज, आणि हात हलतो म्हणूनच अर्ज परत.

ती जुनी सही मला पाठ आहे. त्याला नोकरी लागली तेव्हा पेपरच्या कोऱ्या कडेवर मी ती गिरवत बसायचो. माझी शाळा दुसरीतच सुटली. कापसाच्या पावतीवर अंगठा लावायचो. माझं नाव लिहायला, पुढे पत्र लिहायलाही त्यानेच शिकवलं.

आणखी एक. त्याच्या हातासाठी तू इच्छादेवीला नवस बोललीस, असं सूनबाई म्हणाली. देवीला सांग, गुण दे, पण पेंशनीसाठी डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड तपासून झाल्यावर. नेमका त्या दिवसापुरता हात थांबला तर ना नोकरी ना पेंशन.

पोरांना पापे. जावईबापूंना नमस्कार. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा आबा

इच्छापूर, ता. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस पूर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

देवीला तारखा कळवायला ती काही तुमच्या दफ्तरात नोकरीला नाही. नवस बोलून झाला, आता मागे घेता येत नाही.

आबा, ज्याचा हात सहीला चालत नाही त्याने काय करायचं, एवढंच बाबूंना विचारा. ते चिडतील म्हणून तुम्ही विचारणार नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारा. आणि मनाने काही करू नका. मागे गॅसचा वास येतो म्हणून तुम्ही शेजाऱ्यांच्या घरावर पाणी ओतलं होतं, ते लोक अजून बोलत नाहीत.

येताना मावा जिलेबी आणायला विसरू नका. माया असू द्या, आहे त्याहून जास्त.

तुमची पूर्णिमा

बुऱ्हाणपूर, ता. २ मार्च २०२५

चि. सौ. पूर्णिमा हीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचायच्या आदल्याच दिवशी मी मनाने केलं. समाधान झोपलेला असताना अर्जावर त्याची ती जुनी सही मीच ठोकली. शेपटीसकट. बाबूंनी चष्मा लावून दोन्ही सह्या पाहिल्या आणि अर्ज घेतला. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

परवा बोर्ड बसला. तीन डॉक्टर. त्यांनी समाधानचा हात पाहण्याआधी फाइल पाहिली. मोठे डॉक्टर म्हणाले, की सत्तावीस वर्षांत जिची रेघसुद्धा हलली नाही अशी सही करणारा माणूस कसला आजारी. तुझ्या भावाचा हात टेबलावर थडथडत होता, तर म्हणाले, नाटक करू नकोस. कामावर जाण्यास लायक, असा शेरा मारला.

फाइलीतली सही पाहताच समाधानने ओळखलं. रोज मी त्याला वरणभात भरवतो. काल त्याने तोंड फिरवलं.

खरं सांगावं तर या वयात तुरुंग, आणि न सांगावं तर घर उपाशी. काय करू, लगेच कळव. या बापावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा आबा

इच्छापूर, ता. ६ मार्च २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

भावाला घेऊन बोर्डाकडे जा आणि खरं सांगा. तुरुंगाचं भिऊ नका. तुमच्या काळज्या ऐकून जेलर आठ दिवसांत तुम्हाला घरी पोचवून जाईल.

जेवत जा. तुमच्यावर रागावलेली, पण तुमचीच,

पूर्णिमा

बुऱ्हाणपूर, ता. २१ मार्च २०२५

चि. सौ. पूर्णिमा हीस अ. उ. आ.

गेलो. सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणाले, मग करून दाखवा. भीतीने माझा हात असा कापला, की हुबेहूब समाधानची आताची सही उमटली. ते हसले. म्हणाले, हे बुढ्ढ्याचं काम नाही, बाप मुलासाठी खोटं बोलतो आहे.

मला घाम फुटला. ते पाहून समाधान उठला, जगमधून पेल्यात पाणी ओतून माझ्याकडे निघाला. चार पावलांचं अंतर. पेला माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यात घोटभर उरलं होतं. बाकीचं फाइलीवर आणि डॉक्टरांच्या पँटवर. मोठे डॉक्टर त्याच्या हाताकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग त्यांनी जुना शेरा खोडला.

पण फाइल भिजली. दफ्तरात बाबू म्हणाले, नवा अर्ज, नवी सही. तेव्हा कुठे मी भीत भीत तुझा प्रश्न विचारला. त्यांनी मान वर न करता शाईचं पॅड पुढे सरकवलं. अंगठा चालतो, दोन साक्षीदार हवेत, नियम पहिल्यापासून आहे. मग आधी का सांगितलं नाही, असं मी म्हणालो. ते म्हणाले, आपण विचारलं नाही.

समाधानचा अंगठा मी मुठीत धरला आणि दाबला. माझ्या घरात तोच पहिला सही करणारा, ग पोरी. दोघांपैकी कुणाचाच हात हलला नाही. बाबू म्हणाले, ठसा साफ आला.

घरी आल्यावर त्याने आपणहून तोंड उघडलं. ताटातला सगळा भात संपवला.

जिलेबी घेऊन रविवारी येतो. देवीला सांग, आमची तारीख होऊन गेली. आता तिने खुशाल गुण द्यावा.

तुझा आबा